माझ्या नावावरची लेंगी

इंटरनेटवर आजही एक गाणं माझ्या नावावर आहे. ते मी रचलेलं नाही, मी गायलेलं नाही, त्यात वाजणारा डफही माझा नाही. तरी गायकाच्या जागी 'दिगू, दारव्हा' असं लिहिलेलं सापडतं, आणि ते दुसऱ्या कोणी नाही, मीच लिहिलं आहे. एका हातात आलुबोंडा होता आणि दुसऱ्या हाताने मी ती अक्षरं टाइप केली. आलुबोंडा संपायच्या आत चोरी झाली होती. तेव्हा मी विशीत होतो. आता माझ्या दाढीत पांढरं जास्त आणि काळं कमी आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहायला बसलोच आहे तर आधी हे लिहितो, म्हणजे पुढे ज्या आनंदाच्या दिवसांबद्दल सांगायचं आहे ते मोकळ्या मनाने सांगता येईल.

आमचा तांडा दारव्ह्यापासून जवळच, रस्त्याला लागून. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलायचो, बाजारात वऱ्हाडी. इथे मी सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीला थांबावं लागेल. वऱ्हाडीत बायकाही 'मी जातो' असंच म्हणतात. आमचं आणि शेवंताकाकीचं घर एका भिंतीचं. माझ्या याडीने, म्हणजे आईने, चुलीवर ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरी, थापायला सुरुवात केली की भिंतीपलीकडून काकीचा आवाज यायचा, "जाऊबाई, तुमची बाटी थापून राह्यली का कोणाच्या कानाखाली वाजवून राह्यली?" मग याडी इकडून आणखी जोरात थापायची. त्या थापांवर काकी गाणं धरायची. मिरची तव्यावर पडून ठसका उठला की गाणं थांबायचं, दोन्ही घरं खोकायची, आणि मग गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू व्हायचं. सकाळचा हा कार्यक्रम इतका रोजचा होता की काकी माहेरी गेली की याडीच्या बाट्या बिघडायच्या. माझे वडील म्हणायचे, "शेवंता नसली का तुयी याडी बाटीच्या जागी नकाशा करते."

काकी काही थोराड बाई नव्हती. बुटकी, काटक, डोक्यावर गवताचा भारा असला की खालून फक्त दोन पाय चालताना दिसायचे. पण आवाज असा की टेकाडावरच्या बकऱ्या माना वळवायच्या. किसनकाका तिचा नवरा. तो बोलायचा कमी आणि डफ वाजवायचा जास्त. तांड्यातले लोक म्हणायचे, किसनला बोलायची गरजच नाही, त्याचं सगळं बोलणं शेवंताच करते.

त्या वेळी एसटीची लाल गाडी आमच्या तांड्यावर थांबत नसे. आम्ही हात करायचो, गाडी धूळ घालून निघून जायची, आणि आम्ही पुढच्या गावापर्यंत चालत जायचो. एका सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवशी काकीच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं होतं, दिवस भरत आले होते. काकी शेतातून तशीच रस्त्यावर आली, हातात विळा, डोक्यावर भारा, आणि भर रस्त्यात मधोमध उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. खिडकीतून डोकं काढून तो ओरडला, "ओ बाई, मरायचं हाये काय?"

"मराले कोण निंगालं? दारव्ह्याले जायचं हाये," काकी म्हणाली. "भाऊ, गाडी तुयी का सरकारची? सरकारची असन तं मी बी सरकारचीच हाये. मत देतो ना."

सगळी गाडी हसली. कंडक्टरने दार उघडलं, सुनेला जागा दिली, आणि विळा मात्र खाली ठेवायला लावला. त्या दिवसापासून गाडी आमच्याकडे थांबायला लागली. आजही कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, "शेवंताचा थांबा का?" बोर्डावर वेगळंच नाव आहे, ते कोणी वाचत नाही.

सुनेला मुलगा झाला. अर्जुन. आणि मुलगा झाला म्हणजे येत्या होळीला त्याची धुंड होणार. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्या तांड्यात होळी पहाटे पेटते, आणि वर्षभरात जिथे मुलगा जन्मला असेल त्या दारात सगळा तांडा गोळा होतो. बाळाला मधे घेतात, त्याच्यावर आडवी काठी धरतात, त्या काठीवर बाकीचे काठ्या वाजवतात आणि लेंग्या म्हणतात. लेंगी म्हणजे आमचं होळीचं गाणं. एकाने ओळ काढायची, बाकीच्यांनी मागून उचलायची. लेंग्यांना मालक नसतो असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि ते खरंही होतं. पण त्यात एक पोटनियम होता, जो मी सोयीने विसरलो. नवी लेंगी ज्याने आणली, त्याने ती आधी आपल्या दारात काढायची. त्यानंतर ती सगळ्यांची. तरीही तो माणूस समोर उभा असेल तर सुरुवात त्याचीच. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.

नातवाच्या धुंडीसाठी काकीने नवी लेंगी रचली. लालगाडीची. मराठीत आणायची तर ती अशी काहीशी होईल: लाल गाडी आली रे, धूळ घालून गेली रे, हिला थांबवेल कोण? आणि मागून बायकांनी म्हणायचं, मी थांबवतो, मी! त्यात ड्रायव्हर होता, विळा होता, पोटातला नातू आतून लाथ मारून "याडी, घंटी मार" म्हणत होता. भिंतीपलीकडून तुकड्या-तुकड्यांनी आम्हाला ती ऐकू यायची. याडी पिठाचे हात कानावर ठेवायची. "ऐकू नको रे पोट्ट्या, अजून तिच्या दारात निंगाली नाही," असं मलाही दटावायची. ऐकू तर येणारच. पण न ऐकल्यासारखं करणं ही शेजाऱ्याची रीत होती.

काकीचा मुलगा प्रकाश हौशी. त्याने आईला यवतमाळला नेऊन एका छोट्या स्टुडिओत तिच्या लेंग्यांची सीडी काढली. स्टुडिओवाल्याने तिला काचेच्या खोलीत उभं केलं आणि कानाला हेडफोन लावला, तर ती म्हणाली, "बाप्पा, हे काढा, मायाच आवाज मले भेवाडून राह्यला." प्रकाशने सीड्यांचं खोकं घरी आणून ठेवलं. होळीच्या पहाटे लेंगी दारात निघेल, आणि दुसऱ्या दिवशीपासून सीड्या आठवडी बाजारात विकायच्या, असं ठरलं.

मी तेव्हा दारव्ह्याला एका मोबाईलच्या दुकानात कामाला होतो. मोबाईल दुरुस्ती नावाला. खरं काम कार्डं भरायचं. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे, आम्ही ते कॉम्प्युटरला लावायचो आणि गाणी ओतायचो. धान्याच्या दुकानात ज्वारी मागावी तसं लोक गाणी मागायचे: "अर्धं भजन टाक, अर्धं डीजे." जीपवाले, ट्रॅक्टरवाले, लग्नाचे बँडवाले, सगळे रांगेत. गाणी कुठून येतात, कोणाची आहेत, गाणाऱ्याला काय मिळतं, असा प्रश्न त्या दुकानात कोणी केला नाही, आणि मी तर नाहीच नाही. मला ते काम फार आवडायचं. लोकांना गाणं देतो म्हणजे पुण्यच करतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आपल्या खिशातलं द्यावं तसं मी दुसऱ्याचं वाटत होतो.

होळीला अजून अवकाश असताना एका सकाळी काकीने बसथांब्यावर मला एक सीडी दिली. पदराखालून, कोणी पाहू नये अशी. "दिगू, तू त्यातला जाणकार. आवाज कसा आला ते फक्त ऐक नि मले सांग. खरखर तं नाही ना?"

मी दुकानात ऐकली. लालगाडी सुरू झाली आणि मी खुर्चीतून उठून नाचलो, हे खरं आहे. बाहेर उभा असलेला जीपवाला आत आला. "काय गाणं हाये बे! माया कार्डात टाक."

इथे मी नाही म्हणू शकलो असतो. फक्त 'होळीनंतर ये' एवढंच म्हणायचं होतं. पण दारव्ह्यातल्या कोणाकडे नसलेलं गाणं आपल्याकडे आहे, या गोष्टीने माझी छाती फुगली. मी गाणं कॉम्प्युटरवर घेतलं. सुरुवातीला काकी काहीतरी बोलत होती, संगीताशिवाय. कार्डात जागा लागते म्हणून मी तेवढा भाग कापला. आणि दुकानात आम्ही सगळीच पोरं गाण्यांवर आपापली नावं टाकायचो, भिंतीवर कोळशाने लिहावं तशी. तर गायकाच्या जागी मी लिहिलं, 'दिगू, दारव्हा'. मग आलुबोंडा संपवला. संध्याकाळी काकीला सांगितलं, "काकी, आवाज एकदम झकास हाये."

ती इतकी हसली की मला वाटलं, मी तिचं कामच केलं.

पुढच्या दिवसांत लालगाडी दारव्ह्याहून निघाली ती थांबलीच नाही. जीपमध्ये वाजली, थ्रेशरवर वाजली, उमरखेडकडून आलेल्या एका पाहुण्याच्या खिशात वाजली. काकी दिवसभर शेतात, तिच्याकडे मोबाईल नाही, आणि तांड्यातले लोक तिच्यासमोर न ऐकल्यासारखं करत होते, कारण त्यांना वाटलं असावं की तिच्याच मर्जीने चाललं आहे. मी मात्र रोज थोडा जास्त ताठ चालत होतो. पोरं मला पाहून म्हणायची, "हा पाह्य, लालगाडीवाला." आवाज बाईचा असला तरी लेंगी माझीच, असं त्यांनी धरलं होतं, आणि मी त्यांना दुरुस्त करत नव्हतो.

होळीच्या पहाटे काकीच्या दारात सडा होता, लापशीचा वास होता, पुऱ्या तळल्या जात होत्या. याडीने बाळाला काजळ लावलं होतं, इतकं की ते लहान घुबडासारखं दिसत होतं. दुसऱ्या तांड्यांवरूनही पाहुणे आलेले. किसनकाकाने डफ शेकून काकीजवळ उभं राहून एक थाप दिली. काकीने डोळे मिटले आणि पहिली ओळ काढली, "लाल गाडी आली रे..."

आणि सगळं दार एकदम गायला लागलं. दुसरी ओळ, तिसरी ओळ, ड्रायव्हर, विळा, घंटी, सगळं. काकी थांबली तरी ते गात राहिले. पाहुण्यांतला एक पोरगा नाचता नाचता ओरडला, "अरे, हे तं दिगूची लेंगी! दारव्ह्याच्या दिगूची! दिगूले काढू द्या ना!"

डफ थांबला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाळ तेवढं रडत होतं. 'ही काकीची लेंगी आहे', एवढंच मला म्हणायचं होतं. मी हसलो. लाजल्यासारखं, मोठ्या कलाकाराने हसावं तसं हसलो. कोणीतरी माझ्या गालाला गुलाल लावला.

काकीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हिशोब जुळत नसला की माणूस पाहतो तसं पाहिलं. मग किसनकाकाच्या हातातला डफ घेऊन तिने तो माझ्या हातात दिला. "बरं मंग," ती म्हणाली. "पाहुणे म्हणतेत तं तुयीच. तू काढ, मी मांगून म्हणतो."

मी काढली. तिच्या दारात, तिच्या नातवाच्या धुंडीला, तिचीच लेंगी मी काढली, आणि ती बायकांच्या ओळीत उभी राहून "मी थांबवतो, मी!" म्हणत राहिली. आवाज सगळ्यांत वर होता. तिने मान ताठ ठेवली होती. लापशी वाढताना माझ्या ताटात तूप दोनदा घातलं. ते तूप मला अजून आठवतं.

त्यानंतर तिने मला कधी काही विचारलं नाही. भिंतीपलीकडून गाणी येत राहिली, पण जुनी. नवी लेंगी तिने पुन्हा आणली नाही. सीड्या कोणी घेतल्या नाहीत. लोकांच्या कार्डात गाणं होतंच, आणि पुढे कोणीतरी ते माझ्या नावासकट इंटरनेटवरही चढवलं. प्रकाशने त्या सीड्या दोऱ्यांना बांधून ज्वारीत पाखरं हाकलायला टांगल्या. वारा आला की सगळं शेत लखलखायचं. रस्त्यावरून जाणारे म्हणायचे, काय सुंदर दिसतं. खरंच सुंदर दिसायचं. मी तिकडे न पाहता सायकल मारायचो. आणि दर होळीला मला हाक यायची, "दिगू, काढ तुयी लालगाडी." मी काढत राहिलो. एकदा घेतलेलं नाव खाली ठेवायची हिंमत दर वर्षी थोडी कमी होत गेली.

आता दारव्ह्यात माझं स्वतःचं दुकान आहे, राहायलाही आम्ही तिथेच. कार्डं भरायचा धंदा कधीच गेला; ऑनलाइन अर्ज, रिचार्ज, काचा बदलणं, असं चालतं. गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी मयूरी शाळेच्या स्नेहसंमेलनात लेंगीवर नाच बसवत होती. मैदानावर नेटवर्क येत नाही, म्हणून तिला गाणं डाउनलोड करून हवं होतं. जेवताना तिने फोन माझ्यापुढे धरला.

"बाबा, लालगाडी दोन जागी हाये. इथं फुकट हाये, तुमच्या नावाची. अन् इथं पैसे भरा लागते, अन् गाणारीचं नाव पाहा: शेवंताबाई! काकीआजीनं तुमचं गाणं चोरलं बाबा! थांबा, इथं तक्रार करायचं बटण हाये, मी करतो."

 माझी बायको लता हसत होती. तिला ती गंमत वाटली. मयूरीचं बोट त्या बटणावर टेकायच्या आत मी फोन हिसकावून घेतला.

"चोरी मी केली," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. आलुबोंड्यापासून. भाजी गार झाली. मयूरीने माझ्या हातातून फोन परत घेतला. तिच्या चेहऱ्यावर मला तोच हिशोब दिसला, न जुळणारा. शेवटी ती म्हणाली, "मंग आपण फुकटवालं कायले पाहून राह्यलो?"

पैसे मागणारी जागा अर्जुनने तयार केली होती. तेच धुंडीतलं घुबड, आता कॉलेजात जातं. त्याने आजीची परवानगी घेऊन तिच्या सीडीतली गाणी एका रीतसर गाणी विकणाऱ्या साइटवर चढवली होती. तिथे गाणारीचं नाव होतं, डफ वाजवणाऱ्याचं नाव होतं, गाण्याचे पैसे कोणाकडे जातात ते स्वच्छ लिहिलेलं होतं. फुकटच्या जागेवर यातलं काहीच नव्हतं. होतं फक्त माझं नाव आणि चारी बाजूंनी उड्या मारणाऱ्या जाहिराती. लोक मला दुकानात विचारतात, खरी जागा कशी ओळखायची. मी आता एवढंच सांगतो: गाणाऱ्याचं नाव शोधा, आणि त्याने हो म्हटलं आहे का ते पाहा. फुकट असणं हा गुन्हा नाही. कित्येक गाणारे आपण होऊन फुकट देतात. पण द्यायचं की नाही, हे त्यानेच ठरवायचं.

आम्ही विकत घ्यायला बसलो आणि गंमत अशी झाली की गावभराचे पैसे ऑनलाइन भरून देणाऱ्या माझं स्वतःचं पेमेंट होईना. ओटीपी यायचा तेव्हा नेटवर्क जायचं. मयूरी फोन घेऊन गच्चीवर, मी जिन्यात, लता दारात, आणि आकडे ओरडत खाली यायचे. तिसऱ्यांदा शेजारचा म्हातारा म्हणाला, "अरे, कोणाची लॉटरी लागली काय?" शेवटी गाणं उतरलं. मयूरीने टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं गाण्यांच्या गोण्या ओतल्या, पण गाणं घरात आल्याचा आनंद मला त्या दिवशी पहिल्यांदा झाला.

आणि मग ते वाजलं. डफाच्या आधी काकीचं बोलणं होतं. मी कापलं होतं तेच. "राम राम. मी शेवंता, किसनची बायको. हे लेंगी माया अर्जुनच्या धुंडीची हाये. पयले आमच्या दारात निंगन, मंग साऱ्याईची. तवा साऱ्याईनं घ्या, मस्त घ्या." ती सगळ्यांना देणारच होती. फक्त एका सकाळपुरतं तिला ते तिचं हवं होतं.

फुकटच्या जागांना मी लिहिलं, एकेक करून. काहींनी काढलं, काहींनी उत्तरही दिलं नाही. माझं नाव अजून तिथे फिरतं आहे. मी लताला म्हणालो, "उद्या काकीच्या घरी जाऊन माफी मागतो."

"चोरी साऱ्या तांड्यासमोर केली, अन् माफी स्वयंपाकघरात मागता?" लता म्हणाली. "होळीपर्यंत थांबा."

या होळीला काकीच्या दारात पुन्हा धुंड होती, प्रकाशच्या धाकट्या भावाच्या बाळाची. काकी आता खुर्चीवर बसते, गुडघे साथ देत नाहीत. किसनकाका तिच्याशेजारी, तसाच गप्प. पुऱ्यांचा वास, धूर, पोरांचा कालवा. नेहमीप्रमाणे हाक आलीच, "दिगू, काढ तुयी लालगाडी!" कोणीतरी डफ माझ्या हातात दिला. मयूरी माझ्याकडे पाहत होती.

मी डफ घेऊन काकीपुढे गेलो आणि तो तिच्या मांडीवर ठेवला.

"काहून रे?" काकी म्हणाली. "गळा बसला काय?"

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तसं हसून मी एकदा पाहिलं होतं. मी लोकांकडे वळलो आणि मोठ्याने सांगितलं की ही लेंगी माझी नाही, कधीच नव्हती. काकीने विश्वासाने ऐकायला दिली, मी तिला न विचारता वाटली, तिचं बोलणं कापलं, माझं नाव लावलं, आणि याच दारात खोटं हसलो.  मग मी तिच्या खुर्चीपुढे खाली बसलो, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये.

"काकी, तुया दारातली पयली लेंगी मी नेली. ते सकाळ काही मले वापस देता येत नाही. मले माफ कर. आता तू काढ, मी मांगून म्हणतो."